एचपी तेवढीच, बोट मात्र सुसाट!

वेग वाढवायचा म्हटलं की इंजिनिअरिंगच्या पोराच्या डोक्यात पहिली आयडिया कुठली येते? मोठं इंजिन! हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रोज रात्री या विषयावर परिषदा भरतात. सीसी किती, एचपी किती, टॉप किती मारते, बस्स. पण मित्रांनो, पाण्यावर हा हिशोब चालत नाही. बोटीला मोठं इंजिन लावणं हा वेग वाढवायचा सगळ्यात महागडा उपाय आहे आणि पुष्कळदा सगळ्यात कमी फळ देणारा. त्याआधी करता येण्यासारख्या गोष्टींची यादी बरीच मोठी आहे आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींना पाना-पक्कड आणि थोडं डोकं एवढंच लागतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला जे पाठ करून विसरलात तेच इथे कामाला येतं, म्हणून हा लेखप्रपंच.

डोळ्यासमोर एक ठराविक बोट ठेवू, म्हणजे हवेत गप्पा होणार नाहीत. तारकर्ली, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी फायबरची बोट तुम्ही पाहिलीच असेल. लांबी १८-१९ फूट, मागे लटकवलेलं ६० एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड इंजिन, माणसं आणि सामान धरून एकूण वजन १००० किलो. हे आकडे गणितासाठी धरलेले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत.

आधी पाण्याचा स्वभाव ओळखा

समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला साधारण १०२५ किलो. हवेची १.२ किलो. म्हणजे पाणी हवेच्या साडेआठशे पट जड. बोटीला हे पाणी बाजूला सारत जायचं असतं.

हळू चालणारी बोट पाण्यात बसून चालते. स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते (आर्किमिडीज काका!) आणि चालताना पुढे-मागे लाटा उठवते. वेग वाढला की लाटेची लांबी वाढते. एक वेळ अशी येते की लाटेची लांबी बोटीएवढी होते, बोट दोन लाटशिखरांच्या मधल्या खड्ड्यात अडकते आणि पुढच्या लाटेवर चढायला बघते. इथे ताकद कितीही ओता, वेग जेमतेम वाढतो. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात टॉर्की इथे लांबलचक टाकीत बोटींची मॉडेल्स ओढून हा सगळा प्रकार मोजला. 'फ्रूड नंबर' आपण त्याच्याच नावाने शिकतो.

यासाठी एक सोपं सूत्र आहे. पाण्यातल्या लांबीचं (फुटात) वर्गमूळ घ्या, १.३४ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये. ३६ फुटी लाकडी मच्छिमार बोट घेतली तर ६ गुणिले १.३४, म्हणजे ८ नॉट, तासाला सुमारे १५ किलोमीटर. अशा गोल तळाच्या, जड बोटीत दुप्पट एचपीचं डिझेल इंजिन बसवलं तर काय होईल? डिझेलचं बिल जोरात पळेल, बोट नाही.

आपली फायबरची बोट मात्र वेगळ्या जातीची. तिचा तळ मागच्या भागात सपाट किंवा उथळ 'व्ही' आकाराचा असतो. पुरेसा जोर मिळाला की ती स्वतःच्या लाटेवर चढते आणि पाण्यावरून घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. पंचमीच्या तळ्यात पोरं चपटा दगड फेकून भाकऱ्या काढतात ना, जवळजवळ तोच प्रकार. आता बोटीचं बरंचसं वजन तळावर आपटणारं पाणी उचलून धरतं. या लेखात जे काही सांगतोय ते मुख्यतः या जातीच्या बोटींबद्दल.

वर्गमूळ नावाचा खलनायक

जॉर्ज क्राउच नावाच्या अमेरिकन बोट डिझायनरच्या नावाने एक सूत्र प्रसिद्ध आहे. (१९२४ ची गोल्ड कप शर्यत जिंकणारी 'बेबी बूटलेगर' त्याचीच.) आपल्या एककांत बसवलं तर ते असं होतं:

वेग (किमी/तास) = १६३ × √(एचपी ÷ वजन किलोमध्ये)

हा १६३ आकडा साध्या प्लेनिंग बोटींसाठी. हलक्या, शर्यतीच्या धाटणीच्या बोटींसाठी तो २०० च्या पुढे जातो. सूत्र ढोबळ आहे, पण अंदाजाला उत्तम.

आपली बोट टाकून बघा. ६० भागिले १००० म्हणजे ०.०६, त्याचं वर्गमूळ ०.२४५, उत्तर ४० किमी/तास. आता ६० चं इंजिन काढून ७५ चं लावलं तर? ४४.६ येतात. ताकद २५ टक्के वाढली, वेग १२ टक्केसुद्धा नाही. शिवाय मोठं इंजिन जड असेल तर त्यातलंही थोडं परत गेलं. वेग दुप्पट करायचा असेल तर एचपी चौपट पाहिजे. वर्गमूळ कोणाला सोडत नाही, अगदी एम-३ मध्ये सोडलं असेल तरी!

पण याच सूत्रात आपला रस्ताही लपलाय. त्यात तीन गोष्टी आहेत: एचपी, वजन आणि तो १६३. एचपीला हात लावायचा नाही असं ठरलंय. मग वजन कमी करा आणि १६३ वाढवा. हा आकडा म्हणजे तळ, पंखा, बोटीचा कोन आणि इंजिनाची बैठक यांची मिळून आलेली कार्यक्षमता. पुढचा सगळा लेख या दोनच गोष्टींवर आहे.

पायरी शून्य: मोजा!

"आधीपेक्षा मस्त पळते रे" हे रीडिंग नव्हे. बोटीवरचा स्पीडोमीटर पुष्कळदा पाण्याच्या दाबावर चालतो आणि तो भाबडा असतो. मोबाइलमधलं जीपीएस त्यापेक्षा बरं. पण जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग सांगतं. भरती-ओहोटीचा प्रवाह ३ किमीचा असला तर जाताना ४३ आणि येताना ३७ दिसतील. म्हणून एकाच मार्गावर दोन्ही दिशांना फेरी मारायची आणि सरासरी काढायची. त्याच वेळी टॅकोमीटरवर आरपीएम लिहून घ्यायचे. टाकीत पेट्रोल किती, माणसं किती, वारा कसा, तेही लिहायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: एका वेळी एकच बदल. पंखा बदलला, इंजिन वर घेतलं आणि तळही घासला, हे सगळं एकाच रविवारी केलं तर फरक कशामुळे पडला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. लॅबचं जर्नल मागच्या बॅचकडून उतरवता येतं, हे जर्नल स्वतःलाच लिहावं लागतं.

वजन: फुकटचे घोडे

१००० किलोचे ९०० केले तर सूत्र ४२ किमी/तास सांगतं. म्हणजे दोन किमी फुकटात. तेवढाच वेग इंजिनाने मिळवायचा तर जवळजवळ ६७ एचपी लागले असते. १०० किलो कमी करणं म्हणजे सुमारे सात घोडे बांधणं.

१०० किलो आणणार कुठून? बोटीच्या पोटात बघा. तळाशी साचलेलं पाणी हा पहिला गुन्हेगार. एक बादली म्हणजे १५ किलो, आणि तिथे पाच-सहा बादल्या सहज लपतात. दोन थरांच्या मध्ये भरलेला फोम जुन्या बोटीत पाणी पिऊन बसतो, आणि तो स्पंजासारखा भिजला की वर्षानुवर्षं वाळत नाही. पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो, म्हणजे १०० लिटरची टाकी गच्च भरून दोन तासांची फेरी मारणं म्हणजे एक माणूस उगाच फिरवून आणणं. त्यात जुने दोर, दुसरा नांगर, गंजलेली बॅटरी, 'असू दे, लागेल कधीतरी' या खात्यातलं सामान. हॉस्टेलच्या खोलीत कॉटखाली जे असतं तेच.

एक ठणकावून सांगतो. लाइफ जॅकेट, वल्ही, अग्निशामक, चालू नांगर आणि परत येण्यापुरतं राखीव पेट्रोल ही वजनं कमी करायची नाहीत. तिथे वाचवलेले वीस किलो जिवाशी खेळ आहे.

वजन कुठे ठेवलंय यालाही महत्त्व आहे. सगळं पुढे ठेवलं तर नाळ पाण्यात घुसते आणि ओला भाग वाढतो. सगळं मागे ठेवलं तर बोट प्लेनिंगवर यायला कुरकुरते आणि आल्यावर बेडकासारखी उड्या मारते. डाव्या-उजव्या बाजूंचा तोलही सांभाळा. एका अंगावर कललेली बोट सरळ ठेवायला सुकाणू सतत वळवून धरावं लागतं आणि तो प्रत्येक अंश वेग खातो.

तळ: जे दिसत नाही तेच नडतं

प्लेनिंगमध्ये पाण्याचं घर्षण हा विरोधाचा मोठा वाटा असतो. खाऱ्या पाण्यात उभ्या बोटीच्या तळावर आधी बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नेकल म्हणजे ते शिंपल्यासारखे टणक, पाय कापणारे जीव. आपल्या कोमट समुद्रात ही प्रगती झपाट्याने होते. नुसता बुळबुळीत थरही वेग कमी करतो, बार्नेकल तर बोटीला ब्रेक लावल्यासारखं करतात. उपाय गावठी आहे: बोट वर ओढा, खरवडा, धुवा. कायम पाण्यात राहणार असेल तर तळाला जीव बसू न देणारा अँटीफाउलिंग रंग लावा. रोज वर ओढली जात असेल तर त्या रंगाची गरज नाही, गुळगुळीत जेलकोट पुरे.

तळ चकचकीत करायला मेण लावतात, ते मात्र दिसायला छान, बाकी शून्य. मेणाने वेग वाढतो यावर फार भरवसा ठेवू नका.

दुसरी तपासणी फारच कमी लोक करतात. गवंडी प्लास्टरला वापरतो तसली लांब सरळ पट्टी घ्या आणि बोटीच्या मागच्या टोकापासून पुढे तळाला लावा. शेवटचा दीड मीटर सरळ पाहिजे. पट्टी आणि तळ यांच्यामध्ये फट दिसली, म्हणजे तळ आत गेलेला आणि मागचं टोक खाली वळलेलं असलं, तर तो बाक पाण्याला खाली ढकलतो. मागचा भाग उचलला जातो, नाळ दाबली जाते, ओला भाग वाढतो आणि वेग पडतो. उलटा बाक असला तर बोट उड्या मारते. ट्रेलरवर चुकीच्या आधारावर वर्षभर ठेवलेल्या बोटींना हे दुखणं जडू शकतं. दुरुस्ती म्हणजे घासणं, भरणं, पुन्हा घासणं. मेहनतीचं काम आहे, पण इंजिनाच्या किमतीपुढे काहीच नाही. मागची खालची कडसुद्धा धारदार चौकोनी हवी. ती गोल झाली असेल तर पाणी तिथून सुटायच्या ऐवजी चिकटून वर वळतं आणि बोटीला मागे ओढतं.

पंखा: खरा हिरो

आता मुख्य पात्राकडे येऊ. प्रोपेलरला किनाऱ्यावर सरळ 'पंखा' म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे गेला असता, जर पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर. लाकडात स्क्रू फिरवल्यासारखं. पण पाणी लाकूड नव्हे, म्हणून पंखा थोडा घसरतो. या घसरणीला स्लिप म्हणतात.

हिशोब करू. इंजिन ५५०० आरपीएम, गिअर २ ला १, म्हणजे पंखा २७५० आरपीएम. पिच १३ इंच म्हणजे ०.३३ मीटर. तासाभरात १,६५,००० फेरे, म्हणजे ५४.५ किमी. जीपीएसवर मिळाले ४२. घसरण २३ टक्के. अशा हलक्या बोटींना १० ते २० टक्के घसरण चांगली समजतात. शून्य कधीच होणार नाही, कारण पात्याने पाण्याला थोड्या कोनात कापल्याशिवाय जोरच तयार होत नाही. पण २३ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तळ घाण आहे, वजन जास्त आहे, पाती वाकलीत किंवा पंखा चुकीचा आहे.

आता सगळ्यात गमतीचा मुद्दा. तुमच्या इंजिनावर ६० लिहिलंय म्हणून ते ६० देतंच असं नाही. ही ताकद ठराविक आरपीएमलाच मिळते. कंपनी पुस्तकात फुल थ्रॉटलची मर्यादा देते, समजा ५००० ते ६०००. फार मोठ्या पिचचा पंखा बसवला आणि इंजिन ४६०० वरच दमलं, तर तुम्ही ६० चे पैसे भरून कमी एचपी वापरताय. चौथ्या गिअरमध्ये घाट चढवण्यासारखं आहे ते. वेगाबरोबर इंजिनाचं आयुष्यही जातं. अशा वेळी पिच कमी केली तर वेग वाढतो! ऐकायला उलटं वाटतं, पण दमलेलं इंजिन मोकळं होतं. उलट, इंजिन ६००० च्या वर पळून लिमिटरवर आपटत असेल तर पिच वाढवा. एक इंच पिच बदलली की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. त्यावरून पुढचा पंखा कागदावरच ठरवता येतो. आणि हे सगळं नेहमीच्या वजनाला करायचं. एकट्याने फिरून बरोबर बसवलेला पंखा सहा पर्यटक चढले की चुकीचा ठरतो.

नवा पंखा घ्यायच्या आधी जुना नीट बघा. पात्याच्या कडेला पडलेला छोटा खड्डा, थोडं वाकलेलं टोक, हे सगळं वेग खातं आणि थरथर देऊन बेअरिंग-सील खराब करतं. पंखा दुरुस्त करून, तोलून घेता येतो. काढलाच आहे तर मागे गुंडाळलेली मासेमारीची तंगूसही काढा. ती सील कापते आणि गिअरबॉक्समध्ये पाणी जातं.

ॲल्युमिनियम की स्टेनलेस? स्टेनलेसची पाती पातळ करता येतात आणि जोरात वाकत नाहीत, म्हणून वरच्या वेगाला फायदा होतो. पण खडकाळ खाडीत ॲल्युमिनियमचं पातं स्वतः मोडून गिअर वाचवू शकतं. आपला किनारा बघून ठरवा.

इथे दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. पात्याच्या पाठीवरचा दाब इतका कमी होतो की पाणी थंड असतानाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू कुरतडतात, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्ट पंख्यात ओढला जातो ते व्हेंटिलेशन. वळणावर इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट मात्र ढिली पडते, ते बहुतेक वेळा व्हेंटिलेशन. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला सगळे अँटी-कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम हवा अडवायचं आहे.

कॅव्हिटेशनचा इतिहासातला गाजलेला किस्सा 'टर्बिनिया'चा. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिली बोट पाण्यात सोडली. ताकद भरपूर, पण वेग २० नॉटच्या आसपास अडकला. एकाच शाफ्टवर फार वेगाने फिरणारा पंखा पाण्यात पोकळ्या करत होता. पार्सन्सने काय केलं? तो पाण्याच्या छोट्या बोगद्यात पंखे फिरवून बघत बसला. मग एकाच्या जागी तीन टर्बाइन, तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावून जोर वाटून दिला. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात ही बोट ३४ नॉटच्या वेगाने जहाजांच्या रांगांमधून सुसाटली आणि तिला पकडायला कोणी धावू शकलं नाही. टर्बाइनची मांडणीही बदलली होती हे खरं, पण पाण्याला जोर पोचत नसेल तर इंजिनातला जोर फुकट, हा धडा तिथलाच.

ट्रिम: कोनाची करामत

प्लेनिंगवर बोट पाण्याशी थोडा कोन करून चालते. कोन फार कमी असला तर सगळा तळ ओला होतो आणि घर्षण वाढतं. फार जास्त झाला तर बोट पाणी खाली दाबण्यातच ताकद घालवते. मध्ये कुठेतरी सर्वांत कमी विरोधाचा बिंदू असतो, साधारण चार अंशांच्या जवळ. डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ मध्ये प्लेनिंग तळांच्या गणितावर जो पेपर लिहिला, तो आजही बोट डिझाइनच्या अभ्यासक्रमात असतो. (मॅक्सिमा-मिनिमाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर!)

प्रत्यक्षात करायचं असं. निघताना इंजिन पूर्ण आत, बोटीकडे. बोट प्लेनिंगवर आली की बटण दाबून इंजिन थोडं थोडं बाहेर. नाळ उचलते, तळाचा पुढचा भाग पाण्याबाहेर येतो, थ्रॉटल तोच असताना आरपीएम आणि वेग दोन्ही चढतात. बोट डोलायला किंवा पंखा हवा खायला लागला की थोडं परत आत. वळण घेताना आणि समोरून लाट येताना आत घ्यायचं. छोट्या इंजिनांना बटण नसतं, तिथे मागे खिळ घालायची भोकं असतात. एक भोक पुढे-मागे करून मोजून बघा. खर्च शून्य रुपये.

इंजिनाची उंची

इंजिनाचा पाय पाण्यात ओढला जातो, तोही विरोधच. सुरुवातीला ती आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत ठेवतात. प्लेनिंगवर असताना मागे वाकून (नीट धरून!) बघा. पट्टी पाण्यात खोल बुडालेली दिसली तर इंजिन खाली बसलंय. बोल्ट सोडून एक भोक वर घ्या, पुन्हा मोजा. पट्टी पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम चाटत गेली पाहिजे. वळणावर पंखा हवा खायला लागला की एक भोक खाली.

इथे एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. इंजिन थंड ठेवणारं पाणी याच पायातून आत जातं. जास्त वर घेतलं की ते आटतं. मागून पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली तर लगेच थांबा, नाहीतर वेगाच्या नादात इंजिन जाईल.

आणि वर छत

पाण्याच्या नादात हवा विसरू नका. उन्हासाठी लावलेलं छत आणि समोरचा प्लास्टिकचा पडदा मिळून दीड चौरस मीटरचा उभा अडथळा धरू. ४२ किमी वेगाला त्यावर साधारण १२० न्यूटन जोर पडतो, म्हणजे जवळजवळ दोन एचपी. पंख्यात होणारं नुकसान धरलं तर इंजिनाचे तीन घोडे फक्त पडदा ओढतायत! पर्यटक उन्हात भाजले पाहिजेत असं नाही, पण रिकामी फेरी असेल तर पडदा गुंडाळायला काय हरकत?

मग हाती काय लागलं?

वजन ९०० वर आलं, आणि तळ-पंखा-ट्रिम मिळून १६३ चा आकडा समजा १७५ झाला. सूत्र सांगतं ४५ किमी/तास. सुरुवात ४० वर होती. हे पाच किमी इंजिनाने घ्यायचे असते तर ७६ एचपी लागले असते. म्हणजे १६ घोडे न विकत घेता मिळाले, आणि त्यांना दाणापाणीही नाही. फुल थ्रॉटलला तासाचं पेट्रोल तेवढंच, पण त्या तासात ४० ऐवजी ४५ किमी कापले, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ११ टक्के बचत. आणि ज्याला ४०च पुरेत त्याने थ्रॉटल मागे घ्यावा, बचत आणखी. दिवसाला आठ फेऱ्या मारून घर चालवणाऱ्या बोटवाल्यासाठी खरी गोष्ट ही आहे. त्याला शर्यत जिंकायची नाही, हंगामाच्या शेवटी पेट्रोलचं बिल भागून चार पैसे उरायला हवेत.

वेग वाढला, आता जबाबदारी

४० वरून ४५ म्हणजे गतिज ऊर्जा किलोमागे २७ टक्के जास्त. बोटीला ब्रेक नसतो, हे लक्षात ठेवा. नव्या वेगाला बोट डावी-उजवीकडे डुलायला लागली तर थ्रॉटल कमी करा, हिंमत दाखवू नका. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेलीच हवी, कारण चालक पाण्यात पडला की सुटलेली बोट गोल फिरून त्याच्यावरच येऊ शकते. चाचण्या घ्यायच्या त्या मोकळ्या पाण्यात, प्रवासी बोटींच्या मार्गापासून आणि पोहणाऱ्यांपासून लांब. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळच्या समुद्रात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. फुल थ्रॉटलची चाचणी म्हणजे खेळ नाही, एवढं त्यातून कळलं तरी पुरे.

ज्यांना हे सगळं करून बघायची खुमखुमी आली असेल त्यांच्यासाठी शेवटची खबर. मोनॅकोत दरवर्षी विद्यार्थ्यांची एनर्जी बोट स्पर्धा होते. तिच्या एनर्जी गटात सगळ्या टीमना एकसारखे तळ मिळतात आणि ऊर्जेवर मर्यादा असते, म्हणजे 'मोठं इंजिन लावतो' हा पर्यायच बाद! कोइमतूरच्या कुमारगुरु कॉलेजची 'सी शक्ती' टीम २०२२ पासून तिथे उतरली आहे. आपल्याकडे तर ७२० किलोमीटरचा किनारा आहे, वर्कशॉप आहे आणि बॅकलॉग सोडले तर वेळही आहे. मेकॅनिकलवाल्यांनी तळ घ्यावा, इलेक्ट्रिकलवाल्यांनी मोटर, कॉम्प्युटरवाल्यांनी रीडिंगचा सॉफ्टवेअर आणि सिव्हिलवाल्यांनी ती गवंड्याची पट्टी आणावी. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? मग गुगलवर तयार रिपोर्ट शोधण्याआधी एकदा जेटीवर जाऊन एखाद्या बोटवाल्या काकांशी बोला. त्यांच्या पंख्यावरचे दोन आकडे लिहून घ्या, गिअरचं प्रमाण विचारा, एक फेरी जीपीएस लावून मारा आणि स्लिप काढा. पहिल्याच रीडिंगला कुठे पाणी मुरतंय ते दिसायला लागेल.